ज्याला मत नाही, तो मोजतो

३ फेब्रुवारी, शनिवार

आज संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सगळं बदललं. वेळ पक्की लिहितोय, कारण तिसरं रीळ चढवून नुकतंच घड्याळ पाहिलं होतं.

पडद्यावर हुकूमशहा भाषण ठोकत होता. खाली ऐंशी माणसं माना ताठ करून बसलेली, जणू तो यांनाच दरडावतोय. आणि एकदम कोणीतरी हसलं. एकटंच! मी केबिनच्या खिडकीला डोळा लावला. पाचव्या रांगेत एक मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. ऐंशी माना तिच्याकडे वळल्या. तिला काही नाही!

मध्यंतरात जिन्यात गाठलीच. म्हटलं, "हसण्यासारखं काय होतं त्यात?" जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

"तुम्ही भाषण करणाऱ्याकडे बघत होतात," ती म्हणाली. "मी मागच्या माणसाकडे. हुकूमशहाला खोकला यायच्या आधीच तो पाण्याचा ग्लास पुढे सरकवतो. खोकला कधी येणार हे याला आधीच ठाऊक! राज्य तोच चालवतोय की."

तालमी धरून हा सिनेमा मी चार वेळा लावलाय. चार वेळा! ग्लास दिसला नाही.

४ फेब्रुवारी

झोप नाही. तिचं नाव काल विचारलंच नाही. गाढवपणा.

आज ऑपरेटर काकांकडून काढून घेतलं (केबिन त्यांचं, मी त्यांच्या हाताखाली). कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिनेमाआधी वाटतात ते एकपानी टिपण तीच लिहिते. म्हणजे वर्षभर ज्या कागदांवर मी चहाचा कप ठेवत आलो ते तिने लिहिलेले!

आमचं चित्रपट मंडळ म्हणजे नुसता देखावा आहे. या वर्षीचा विषय 'सत्ता आणि शासन'. दर शनिवारी एक सिनेमा, नंतर चर्चा. चर्चा कसली — अध्यक्ष बोलतात, बाकीचे माना डोलावतात. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, अकरा वर्षं अध्यक्ष. मी त्यांना 'तहहयात' म्हणतो. (तोंडावर नाही. अजून.) प्रत्येक सिनेमानंतर तहहयात उभे राहतात, कोट खाली ओढतात आणि "एकंदरीत" म्हणतात. काल — "एकंदरीत, सत्ता ही दुधारी तलवार आहे." झालं! एवढ्यासाठी मी आठ रिळं चढवली-उतरवली.

आणि हेच ऐकायला मी कॉलेज सोडलं का? तिथेही हेच होतं. "राज्याचे घटक चार. लिहून घ्या." मी उठून विचारलं, "आणि हे चारही ज्यांच्या खिशात असतात त्यांचं काय?" सर म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही." मी वही बाकावरच ठेवली आणि चालता झालो. ती वही अजून तिथेच असेल. कोणीतरी पाठ करत असेल.

७ फेब्रुवारी

परवा तिने पुस्तक दिलं! एका मंत्र्याच्या खाजगी सचिवाच्या आठवणी. सहाशे पानं. म्हणाली, "मोठ्या माणसांची आत्मचरित्रं वाचू नका, ती खोटी असतात. त्यांच्या माणसांची वाचा. ती चुकून खरं बोलून जातात."

दोन दिवसांत निम्मं संपवलं. सगळं पुस्तक एका दाराबद्दल आहे. दाराबाहेर बाक. बाकावर कोणाला बसवायचं, कोणाला उभं ठेवायचं, कोणाला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" सांगायचं. साहेब आत पेपर वाचतायत! राज्य बाकावर चाललंय.

जेवताना बाबांना सांगितलं. बाबा कचेरीत हेडक्लार्क. मान वर न करता म्हणाले, "सहाशे पानं लागली तुला? मी तीस वर्षं त्या बाकासमोर बसतोय."

"मग तुम्ही काय केलंत?" मी ओरडलोच.

"साहेब चुकले तेव्हा गप्प बसलो. त्यावर तू शिकलास. अर्धा."

आई म्हणाली, "जेवा आधी. हा राज्य उलथवणार आणि सकाळी याचं अंथरूण मी उचलणार."

शी! या घरात कशाचं गांभीर्य नाही.

१० फेब्रुवारी

सिनेमा रद्दी. ती आली नाही. रिळं उलटी लावली असती तरी चाललं असतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज भडका उडाला.

आजच्या सिनेमात संसदेतले लोक तीन तास भांडतात — कायद्यावर नाही, आधी कुठला विषय घ्यायचा यावर! शेवटच्या मिनिटाला सगळे दमलेले असताना खरा कायदा येतो आणि झोपेत हात वर होतात. तिच्या टिपणात एकच ओळ ठळक होती : 'विषयपत्रिका ज्याच्या हातात, सभा त्याच्या खिशात.' मी ते टिपण जपून ठेवलंय. कप ठेवलेला नाही.

नंतर तहहयात उठले. कोट ओढला. "एकंदरीत—"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "एकंदरीत काय ते एकदा आम्हाला ठरवू द्या की! अकरा वर्षं सिनेमे कोण ठरवतं? तुम्ही. चर्चा कोण उघडतं? तुम्ही. मिटवतं कोण? तुम्ही!"

तहहयात रागावले नाहीत. हसले. तेच जास्त झोंबलं. "केबिनमधूनही मत आलं," म्हणाले. "मंडळाच्या नियमांप्रमाणे तिथे मत नसतं. पण आवाज चांगला आहे."

ऐंशी माणसं फिस्सकन हसली. मेंढरं! दीड तास संसदेतल्या मेंढरांना हसत होती, आता स्वतः बें बें.

ती हसली नाही. जिन्यात म्हणाली, "ओरडून काय मिळालं?"

"बरं वाटलं."

"त्यांनाही बरंच वाटलं. ओरडणारा एक असला की बाकीचे आपोआप शहाणे दिसतात. चार मार्चला वार्षिक सभा आहे. अकरा वर्षांत त्यांच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलेलं नाही. नियम म्हणून दरवर्षी डबे मांडतात — एक अध्यक्षांचा, एक कोरा."

"मी नोकर आहे. मला ना उभं राहता येत, ना मत देता येत."

तिने जरा विचार केला. "मग मी राहते."

आणि जाता जाता — "तू मदत करशील ना?" तू! तुम्ही नाही. तू!!

२४ फेब्रुवारी

आठवडाभर तिच्याबरोबर सभासदांची दारं ठोठावतोय. माणूस या प्राण्याबद्दल जो काही आदर होता तो संपला.

ती सांगते — सिनेमे सभासदांनी निवडावेत, चर्चा कोणीही उघडावी. पहिली बाई विचारते, "खुर्च्यांना गाद्या येतील का?" एक निवृत्त मास्तर — "तुमचं पटतं हो, पण साहेबांना वाईट वाटेल." एक डॉक्टर — "राजकारण नको आपल्या मंडळात." ज्या मंडळात वर्षभर राजकारणावरचे सिनेमे बघतो, त्या मंडळात राजकारण नको!

मी बाहेर पडल्यावर कुंपणाला लाथ घातली. ती म्हणाली, "गाद्यांचं लिहून घे."

"तू गाद्यांचं आश्वासन देणार?"

"पाठ दुखते त्यांची. तुला क्रांती हवी आहे, त्यांना गादी. दोन्ही एका डब्यात पडतं."

तिने वहीत हिशेब धरलाय. नक्की आपली : एक्केचाळीस. मत द्यायला येणारी : एकोणऐंशी. निसटतं, पण येतंय.

ती चालताना माझ्या बाहीला तिची बाही लागते. मुद्दाम नाही. मी मुद्दाम बाजूला होत नाही.

१ मार्च

ऑपरेटर काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठ दिवस पट्टी. आजवर मोजणी तेच करायचे. नियमावलीत आहे, 'ज्याला मत नाही त्याने मोजणी करावी' — म्हणजे पक्षपात नको. आता ज्याला मत नाही असा एकच उरला.

काका पट्टीखालून म्हणाले, "सोपं असतं. फक्त मोजताना कोणाचा चेहरा आठवू नकोस."

४ मार्च, सकाळ

सभा दहाला. शर्ट इस्त्रीचा घातला. आई म्हणाली, "लग्न आहे की निवडणूक?" ही अशी आई!

४ मार्च, दुपार

पद्धत अशी. दारात तिकीट फाडून अर्धुक हातात देतात. पडद्यामागे स्टुलावर रिळांचे दोन पत्र्याचे डबे. झाकणाला चीर, झाकणावरच चिकटपट्टी, पट्टीवर उमेदवाराचं नाव. एकेकाने आत जायचं, हव्या त्या डब्यात अर्धुक टाकायचं. मग मी दोन्ही डबे केबिनमध्ये न्यायचे, एकट्याने मोजायचे आणि आकडे त्या चौकोनी खिडकीतून ओरडून सांगायचे.

मोजले. दोनदा. तिसऱ्यांदा.

तहहयात एक्केचाळीस. ती अडतीस.

बरीच अर्धुकं मधोमध घडी घालून टाकलेली. एवढीशी चिठी, तीही घडी घालून! वाटलं, या मेंढरांना साधं मतही सरळ टाकता येत नाही.

खाली कुजबुज चाललेली. ती पहिल्या रांगेत, मान वर, खिडकीकडे बघत होती. तहहयात घड्याळ बघत होते, जणू निकाल म्हणजे उशिरा आलेली गाडी.

मी झाकणं बदलली. बस्स. याचं त्यावर, त्याचं यावर. पंखा चालू होता, एक चिकटपट्टी जरा फडफडली. एवढाच आवाज.

मग खिडकीतून ओरडलो.

तिने दोन्ही हात तोंडावर धरले. तहहयात उठले, टाळ्या वाजवल्या, पहिल्या त्यांनीच. नंतर ती पळत जिना चढून आली, माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "झालं रे! खरंच झालं!"

झालं.

४ मार्च, संध्याकाळ

बाबांनी विचारलं, "मोजलं कोणी?"

"मी."

"साक्षीदार?"

"नव्हता."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढे काही विचारलं नाही. तीस वर्षांची सवय!

आणि मला बोलणार कोण? जी पुस्तकं वाचली त्यात एकही राज्य सरळ मोजणीने उभं राहिलेलं नाही. मी निदान चांगल्या माणसासाठी केलं. ते सगळे असंच म्हणतात हेही त्याच पुस्तकांत आहे. असू दे.

६ मार्च

तहहयात आज केबिनमध्ये आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा असतील. कोट, छत्री, सगळं. माझ्या स्टुलावर बसले.

"काय चिरंजीव! हरकत घ्यायची मुदत आठ दिवस असते. तोवर डबे ठेवतात ना? बघू."

द्यावे लागले. त्यांनी तिचं नाव असलेलं झाकण काढलं आणि अर्धुकं टेबलावर पसरली. एक उचललं.

"ही घडी बघितलीस? माझ्या माणसांना मी सांगून ठेवलेलं असतं — मधोमध घडी घालून टाका. अकरा वर्षं. कोरा डबा असला तरी आपलं कोण, हे कळलेलं बरं. काकांना काय, ते फक्त आकडा बघायचे." सावकाश मोजली. "सदतीस घड्या. तिच्या डब्यात! बघ बाबा, रातोरात एवढी माणसं फितूर."

माझ्या कानांतून वाफा येत होत्या. म्हटलं, "मग सांगा जाऊन सगळ्यांना! जा! घाबरतो की काय मी?"

"तू नाही घाबरत. पण ती तोंडावर आपटेल. आणि मी कशाला सांगू? अकरा वर्षं खुर्ची माझी होती, पण मोजणारा माझा नव्हता. काका कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत." अर्धुकं परत भरली, झाकण बसवलं, त्यावर हलकी थाप मारली. "आता कुठे माझा माणूस केबिनमध्ये आला. खुर्ची काय, बसू दे तिला. पोरगी हुशार आहे."

मग काम सांगितलं. सतराला तिने एक माहितीपट मागवलाय — नदीकाठची वस्ती सरकारने कशी हटवली त्यावर. त्यात कागदपत्रं दाखवलीत. त्या खात्यात तहहयात होते. बहुतेक सही दिसते. "रीळ खराब निघू शकतं," म्हणाले. "जुनी रिळं निघतात."

गेले. जाताना दार हळूच ओढून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीचं ओढतात तसं.

आणि मी त्यांना नुसता "एकंदरीत" म्हणणारा म्हातारा समजत होतो!

९ मार्च

ती दिवसभर कामात. गाद्यांची मापं घेतली. सिनेमे निवडायला सभासदांची यादी लावली. मला म्हणाली, "तुझा चेहरा का असा? जिंकलोय आपण."

आपण.

१५ मार्च

माहितीपट आला. कोणी नसताना लावून पाहिला. रीळ नव्यासारखं, खरचटलेलंसुद्धा नाही. चाळीस मिनिटांचा. वस्तीतल्या एका बाईला विचारतात, "तुम्हाला आधी कळवलं होतं का?" ती म्हणते, "कागद आला होता. कागद वाचणारा आला नाही." मग कागद दिसतो. खाली सही. शेपटी तीच, जी मंडळाच्या सगळ्या पत्रांवर अकरा वर्षं होती.

एवढे सिनेमे पाहिले, एवढी पुस्तकं वाचली. सगळ्यांत छान सिनेमा हाच. आणि हाच लावायचा नाही.

१६ मार्च

सकाळी तिला सांगितलं, "रीळ बाद आहे. कडेची भोकं फाटलीत. मशीनवर चढवलं तर तुटेल."

ती म्हणाली, "अरेरे." एवढंच.

संध्याकाळी समितीची बैठक. मी दाराशी उभा. डॉक्टर म्हणाले, "हा पोरगा आळशी आहे, अजून एकदा तपासायला लावा." ती ताडकन म्हणाली, "तो आळशी असेल, भांडखोर असेल. खोटं बोलणार नाही. ते त्याला जमतच नाही." तहहयात आता साधे सभासद म्हणून कोपऱ्यात बसतात. त्यांनीही मान डोलावली. "खरं आहे," म्हणाले.

मला मोरीत जाऊन उलटी झाली. शब्दशः.

१७ मार्च

बदली सिनेमा लावला. एका राजाचा. काय झालं त्यात आठवत नाही.

ठरवलंय. उद्या तिला सगळं सांगायचं. झाकणं, घड्या, रीळ. बोलणार नाही माझ्याशी, ठाऊक आहे. परत सभा घेईल, हरेल कदाचित, पण मान वर ठेवून हरेल. तीच एक माणूस आहे या सगळ्यात. तिला माझ्या खोट्यावर उभं ठेवायचं नाही.

आणि नंतर — जमलं तर — दुसरंही सांगायचं. आधी हे.

१८ मार्च, रविवार

मंडळाच्या खोलीत एकटीच होती. अध्यक्षांच्या टेबलाशी बसून पत्रांवर सह्या करत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. सगळं, एका दमात. बोलता बोलता रडलो बहुतेक.

तिने टोपण लावलं. म्हणाली, "मला माहितीये."

"काय माहितीये?"

"मी एक्केचाळीस धरली होती, तू एक्केचाळीस वाचलीस. दुसऱ्याच दिवशी तिघं जण माफी मागायला आली — आयत्या वेळी साहेबांना मत दिलं म्हणून. वजाबाकी येते मला."

"आणि रीळ?"

"बैठकीआधी केबिनमध्ये जाऊन मी हाताने चालवून पाहिलं. धड आहे."

म्हणजे "खोटं बोलणार नाही" म्हणाली तेव्हा तिला ठाऊक होतं. सगळ्या समितीसमोर, माझ्याकडे बघत.

"मग काय करायला हवं होतं मी?" ती म्हणाली. आवाज रागाचा नव्हता, समजावणीचा होता. "त्यांना खुर्ची परत देऊ? एक वर्ष दे मला. यादी लागली, गाद्या येतायत, लोक बोलायला लागलेत. पुढच्या वर्षी खरी निवडून येते, मग तो माहितीपट पहिल्या शनिवारी लावू. तोवर तू केबिनमध्ये हवास. तुझ्यासारखा विश्वासाचा माणूस मला दुसरा नाही." मग खुर्ची पुढे सरकवली. "बस ना. आणि दार लाव, बाहेर ऐकू जातं."

मी केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. बाहेर आलो आणि दार लावलं.